पाच मिलीच्या बाटलीत तीनशे लवंगा

केमिस्टकडे मिळणारी लवंगतेलाची ५ मिलीची बाटली अंगठ्याएवढी असते, पण तिच्यात साधारण ३०० लवंगांचा ऐवज असतो. हिशोब सोपा आहे. चांगल्या, वाळलेल्या १०० ग्रॅम लवंगांतून १५ ते २० ग्रॅम तेल निघतं. एका लवंगेचं वजन ०.१ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका लवंगेत १५-२० मिलिग्रॅम तेल. ड्रॉपरच्या एका थेंबात ढोबळमानाने दोन लवंगा आल्या. आपण घरभराच्या मसालेभाताला पाच-सहा लवंगा टाकतो, आणि जास्त झाल्या तर जेवणारे लगेच बोलून दाखवतात.

हे गणित आधी मांडायचं कारण असं की आपल्याकडचे लवंगेचे बहुतेक घरगुती उपाय अख्ख्या लवंगेचे आहेत. दाढेखाली धरायची ती लवंग, भाजून मधातून चाटायची ती लवंग, विड्याला टोचायची तीही लवंगच. बाटली मागाहून आली. उपाय तेच राहिले, त्यात ‘लवंग’च्या जागी ‘लवंगेचं तेल’ एवढाच बदल झाला, आणि मात्रेचा विचार मात्र कुणी केला नाही. फायदे आणि घोटाळे दोन्ही इथूनच सुरू होतात.

लवंग म्हणजे न उमललेली कळी. झाड जांभळाच्या अगदी जवळच्या नात्यातलं, मूळचं इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवरचं. तेर्नाते आणि तिदोरे ही त्यातली दोन प्रसिद्ध बेटं. तिथून ते झांझिबार, पेम्बा, मादागास्करला पोचलं. भारतात कन्याकुमारी, निलगिरी आणि केरळ या भागांत त्याच्या बागा आहेत. कोकणातही नारळी-पोफळीच्या सावलीत काही बागायतदार दोन-चार झाडं हौसेनं लावतात. कळी हिरवी असते, गुलाबीवर आली की हातानं खुडायची आणि उन्हात वाळवायची. उमलू दिली तर तिची किंमत गेली. तेल साठतं ते कळीच्या सालीखालच्या बारीक ग्रंथींमध्ये. ताजा माल असेल तर लवंगेच्या दांडीवर नख दाबून बघा, नखाच्या खुणेत तेलाची चमक येते. ती आली नाही तर लवंग जुनी आहे, किंवा तिच्यातलं तेल आधीच कुणीतरी काढून घेतलंय. अशी निःसत्त्व लवंग बाजारात सर्रास मिसळतात. ओळखायला पेलाभर पाण्यात टाकायची: भरलेली लवंग तळाला जाते किंवा डोकं वर करून उभी राहते, रिकामी आडवी तरंगते.

तेल काढतात वाफेवर. लवंगांमधून वाफ सोडली की ती तेलाला सोबत घेऊन निघते, नळीत थंड झाली की पाणी आणि तेल वेगळं होतं. इथं एक गंमत आहे. बहुतेक सुगंधी तेलं पाण्यावर तरंगतात, लवंगेचं मात्र बुडतं; ते पाण्यापेक्षा जड आहे. घरी आणलेल्या बाटलीतला एक थेंब पेल्यात सोडून ढवळलात तर बारीक गोळे तळाशी जाताना दिसायला हवेत. सगळंच वर तवंगासारखं राहिलं तर त्यात खाद्यतेल किंवा मिनरल ऑइल भरपूर आहे असं समजा. अर्थात बुडालं म्हणजे शुद्ध निघालं असंही नाही, कारण बाजारात लवंगेची तेलंच तीन आहेत: कळीचं, देठाचं आणि पानाचं. कळ्या महाग. गळून पडलेली पानं जवळपास फुकट, त्यामुळे इंडोनेशियात पानांच्या तेलाच्या भट्ट्या भरपूर आहेत आणि स्वस्त बाटलीत बहुधा तेच असतं. ते खोटं नव्हे. वास जरा उग्र, औषधी, कळीच्या तेलाचा गोडसरपणा त्यात नाही, इतकंच. पण लेबलवर ‘कळी’ लिहून पान विकणं ही फसवणूकच.

तिन्हींत मुख्य घटक एकच, युजेनॉल. कळीच्या तेलात तो साधारण ७० ते ९० टक्के असतो, देठाच्या तेलात त्याहूनही जास्त. लवंगेचा वास, चटका आणि बधिरपणा, सगळं मुख्यतः याचंच काम. थोड्याफार प्रमाणात तो तुळशीत आणि जायफळातही असतो, दालचिनीच्या पानांत तर भरपूर.

आणखी एक ‘लवंगेचं तेल’ आपल्या घरांत असतं: खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात आठ-दहा लवंगा मंद आचेवर कढवून गाळलेलं. हे आणि बाटलीतलं तेल यांत शक्तीचा प्रचंड फरक आहे. कढवलेल्या तेलानं पाठ चोळली तर काही बिघडत नाही. त्याच हिशोबानं बाटलीतलं तेल तळहातावर ओतून चोळलं तर कातडी भाजते. इंटरनेटवरचा एखादा नुस्खा वाचताना यातलं कोणतं तेल म्हणतायत हे आधी बघा; बऱ्याचदा लिहिणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं.

आता दाढदुखी, कारण हे तेल दहांतल्या नऊ घरांत त्यासाठीच येतं आणि तेही रात्री, दवाखाने बंद झाल्यावर.

दाताचं वरचं पांढरं कवच निर्जीव असतं, त्याला दुखत नाही. कीड ते कवच आणि त्याखालचा थर पोखरत आत गेली की दाताच्या मधोमध असलेल्या मऊ भागाजवळ पोचते. त्यात नस आहे, रक्तवाहिन्या आहेत. शरीरात दुसरीकडे कुठे सूज आली तर तिला पसरायला जागा असते. दातात चारही बाजूंनी भिंती. सूज वाढली की दाब थेट नसेवर येतो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर दाढ ठणकते. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त जातं, म्हणून रात्री जास्त.

युजेनॉल इथे तीन बाजूंनी काम करतो. मिरचीचा तिखटपणा ज्या संवेदी दाराला धडक देतो, त्याच दाराला युजेनॉलही धडकतो, म्हणून आधी चुरचुरतं आणि गरम लागतं. त्यापाठोपाठ नसेतून संदेश पुढे नेणाऱ्या सोडियमच्या वाटा तो अडवतो. दाताच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनमधलं बधिरीचं औषध हेच काम अधिक जोरात आणि अधिक वेळ करतं. तिसरं म्हणजे, सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स तयार होणं तो कमी करतो. तेव्हा लवंगेनं दाढ थांबते ही नुसती समजूत नाही. कुवेतमध्ये झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, तोंडात वरच्या सुळ्याजवळ सुई टोचण्यापूर्वी काही जणांना लवंगेची जेल लावली, काहींना बेंझोकेन हे नेहमीचं बधिरीचं औषध. दोन्हींनी दुखणं सारखंच कमी झालं.

लावायचं कसं? आधी कोमट मिठाच्या पाण्यानं खळखळून चुळा भरायच्या. दाढेत अडकलेला घास निघाल्यावरच अर्धं दुखणं कमी होतं असं अनेकदा घडतं. मग पाव चमचा खोबरेलात बाटलीतले एक-दोन थेंब. कापसाचा ज्वारीच्या दाण्याएवढा बोळा चिमट्यानं त्यात बुडवून, दाबून जास्तीचं तेल काढून, फक्त किडलेल्या खड्ड्यात ठेवायचा. पाच-दहा मिनिटं. तोंडात येणारी लाळ थुंकायची, गिळायची नाही. मग बोळा काढून टाकायचा. तो रात्रभर ठेवून झोपणं हा आपल्याकडचा लोकप्रिय प्रकार आहे आणि सकाळी हिरडी पांढरी पडून सोललेली दिसते ती त्यामुळेच. कच्चं, म्हणजे पातळ न केलेलं तेल हिरडीला, जिभेला, गालाच्या आतल्या बाजूला लागलं की तिथली त्वचा भाजते. मग दाढ एकीकडे आणि हिरडी दुसरीकडे, दोन्ही दुखतात.

मला विचाराल तर बाटलीपेक्षा लवंगच बरी. एक लवंग दाढेजवळ धरायची, थोडी मऊ झाली की हलकेच चेपायची. तेल हळूहळू सुटतं, एका लवंगेत असतं त्याहून जास्त सुटूच शकत नाही, आणि सहन झालं नाही तर थुंकून टाकता येते. मात्रेचं कुलूप तिला जन्मतःच लावलेलं आहे.

लवंगेनं न होणारी गोष्ट म्हणजे कीड बरी होणं. दोन-चार दिवस ठणका सोसल्यावर दाढ अचानक गप्प होते आणि माणूस खूश होतो. बऱ्याचदा तेव्हा आतली नस मेलेली असते, आणि जंतू मुळाच्या टोकापर्यंत पोचलेले असतात. काही आठवड्यांनी हिरडीवर पुटकुळी येते, नाहीतर गाल सुजतो. गालावर सूज, ताप, तोंड पुरतं न उघडणं, गिळताना त्रास, यांतलं काहीही दिसलं तर तेल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

डॉक्टरांकडे गेल्यावरही युजेनॉल भेटतोच. दाताच्या दवाखान्याचा तो ओळखीचा वास बराचसा त्याचा आहे. झिंक ऑक्साइडची पांढरी पावडर आणि युजेनॉल काचेच्या पट्टीवर कालवून जो लगदा होतो, तो तात्पुरत्या फिलिंगला वापरतात. तो घट्टही होतो आणि खालच्या नसेला शांतही करतो. मात्र दाताच्या रंगाचं जे कॉम्पोझिट फिलिंग असतं, ते नीट घट्ट व्हायला युजेनॉल अडथळा आणतो. म्हणून घरी तेल लावून गेला असाल तर खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाका. संकोच कसला, त्यांना वासानं कळतंच.

लहान मुलांचा विषय वेगळा आणि गंभीर. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं युजेनॉलची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे २.५ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला १५० मिलिग्रॅम, म्हणजे चारेक थेंब. १० किलोच्या मुलाला २५ मिलिग्रॅम. एक पूर्ण थेंबसुद्धा त्यात बसत नाही. तरीही दात येताना बाळाच्या हिरडीला लवंगतेल चोळायचा सल्ला अजून दिला जातो. तो पाळू नका. हिरडीला थंड, स्वच्छ ओलं फडकं पुरतं.

आणि बाटली मुलाच्या हाती लागली तर? ब्रिटनमध्ये दोन वर्षांच्या एका मुलानं ५ ते १० मिली लवंगतेल प्यायल्याची नोंद १९९३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. मूल बेशुद्ध झालं, झटके आले, यकृतावर परिणाम होऊन रक्त गोठण्याची क्रिया बिघडली. अतिदक्षता विभागातल्या उपचारांनी ते वाचलं. यकृत युजेनॉलला मोडताना जे विषारी द्रव्य बनतं, त्याचा निचरा करण्यात यकृतातला संरक्षक साठा संपतो. पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर घडतं तेच इथे घडतं, आणि म्हणून उतारा म्हणूनही बऱ्याचदा तेच औषध, अ‍ॅसिटाइलसिस्टीन, दिलं जातं. अशा वेळी मुलाला उलटी करवायची नाही, तेल श्वासनलिकेत जाऊ शकतं. मिठाचं पाणी, तूप, काहीही पाजायचं नाही. बाटली सोबत घ्यायची म्हणजे किती गेलं असेल याचा अंदाज डॉक्टरांना येतो, आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनानं थेट मोठं रुग्णालय. मूल खेळतंय, हसतंय म्हणून थांबू नये, यकृताचं दुखणं दिसायला काही तास लागतात. बाटली इतकी छोटी की ती देवघराच्या कोनाड्यात, टीव्हीखाली, कुठेही पडून राहते. तिची जागा वरच्या कप्प्यात.

मोठ्यांनीही काही बाबतींत हात आवरावा. युजेनॉलमुळे रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटणं कमी होतं, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया तोंडावर असेल तर हे तेल पोटात घेणं टाळायचं. तसंही पोटात घ्यायचं काही कारण दिसत नाही. गुडघ्याला, पाठीला चोळायचं तर सुरक्षित प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास मानतात. दोन चमचे, म्हणजे १० मिली तिळाच्या तेलात हिशोबानं दीड थेंब बसतो. दीड थेंब काही पाडता येत नाही, तेव्हा एकच टाकावा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट बघावी, कारण युजेनॉलची अ‍ॅलर्जी दुर्मिळ नाही. घरात मांजर असेल तर तेल तिच्या आसपासही नको. असली द्रव्यं शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा मांजरात फारच तोकडी असते.

खोकल्याला लवंग तव्यावर फुगेपर्यंत भाजायची, कुटायची, मधातून चाटायची. घशाला थोडा बधिरपणा येतो, ढास कमी होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही एवढं लक्षात ठेवलं की या उपायात वावगं काही नाही. वाफाऱ्याच्या पाण्यात मात्र तेल टाकू नये, डोळे झोंबतात आणि श्वासनलिका आणखी चिडते.

कपाटातल्या कपड्यांचंही असंच. शालू, पैठण्या ठेवताना मलमलच्या पुरचुंडीत लवंगा, वेखंड आणि कडुनिंबाचा वाळका पाला बांधून ठेवायची पद्धत जुनी आहे, आणि ती डांबराच्या गोळ्यांपेक्षा नक्कीच चांगली. पुरचुंडी बांधायचा कंटाळा म्हणून कापसाला तेल लावून रेशमाच्या घडीत सरकवलं तर तपकिरी डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. लवंगतेल हवेनं, उजेडानं काळपट होत जातं. म्हणूनच ते गडद काचेच्या बाटलीत ठेवतात. प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवू नका, काही प्लास्टिकं त्यानं मऊ पडतात.

मुंग्यांवर ते चालतं, आणि चांगलं चालतं. पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि तेलाचे आठ-दहा थेंब एकत्र घुसळून रांगेचा रस्ता पुसून काढायचा. साबण नसेल तर तेल पाण्यात मिसळत नाही, तळाशी जाऊन बसतं. मुंग्या वासाच्या खुणेवर चालतात, ती खूण पुसली जाते आणि वर युजेनॉल कीटकांच्या मज्जासंस्थेलाही त्रास देतो. पण तेल उडून जातं, दोन दिवसांनी परत पुसावं लागतं, आणि साखरेचा डबा उघडा असेल तर कोणतंही तेल हरतं. डासांना मात्र ते जेमतेम. कच्चं तेल अंगाला लावलं तर दोन-चार तास डास दूर राहतात असं प्रयोगांत दिसलंय, पण तेवढं कच्चं तेल कातडी सोसत नाही आणि पातळ केलं की परिणामही पातळ होतो. अर्ध्या लिंबात लवंगा टोचून ठेवायचा उपाय फोटोत छान दिसतो.

लवंगेच्या तेलाचं महाराष्ट्रातलं सगळ्यात उपयोगी काम बहुतेकांना ठाऊक नसतं, कारण ते स्वयंपाकघरात नाही तर आंब्याच्या बागेत चालतं. फळमाशीची मादी पिकायला आलेल्या आंब्याला टोचून आत अंडी घालते. वरून फळ साफ दिसतं, कापलं की अळ्या. मे २०१४ मध्ये युरोपीय संघानं भारतीय आंब्याची आयात थांबवली ती या माशीमुळेच. ती बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. या माशीवरचा जो सापळा कोकणात झाडाझाडाला टांगलेला दिसतो, त्यातलं आमिष म्हणजे मिथाइल युजेनॉल. लवंगेच्या पानांच्या तेलातून युजेनॉल वेगळा करायचा आणि रासायनिक प्रक्रियेनं त्याला एक मिथाइल गट जोडायचा, की ते तयार होतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो.

या वासाला नर माशी अक्षरशः वेडी होते. नर ते द्रव्य चाटतो, त्यापासून स्वतःच्या अंगात मादीला भुलवणारा गंध तयार करतो, आणि त्याच लोभानं लांबून सापळ्यात येऊन पडतो. नर संपले की माद्यांची अंडी फळत नाहीत. तुळशीच्या काही जातींतही मिथाइल युजेनॉल असतो, म्हणून तुळशीचा पाला चुरडून केलेले सापळेही वापरले जातात. लवंगतेलाची बाटली झाडाला टांगून मात्र उपयोग नाही, तिच्यात मिथाइल युजेनॉल जवळपास नसतोच. आणि मिथाइल युजेनॉल घरात आणायची वस्तू नव्हे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं कॅन्सर झालेला आढळलाय, तेव्हा आमिष भरताना हातमोजे हवेत.

सापळा फक्त नर पकडतो. आधीच फळलेल्या माद्या बागेत फिरतच असतात, म्हणून झाडाखाली पडलेली किडकी फळं रोज वेचून खोल पुरावी लागतात.